तिसरी खाच

नत्थूजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते वरून. त्यांनी मात्र मला त्याच्या आधीच पाहिलेलं होतं.

१९६४ चा हिवाळा होता. इतवारीच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांलगत एक मोकळं मैदान होतं आणि थंडीचे दोन महिने तिथे मीना बाजार भरायचा. आम्ही तेव्हा महालात राहत होतो. यजमान, सासूबाई, दोन मुलं आणि मी असे पाच जण गेलो. मैदानाच्या टोकाला लाकडी पाळणा होता. चार पेट्या, प्रत्येकीत समोरासमोर दोन फळ्या, आणि फिरवायला माणूस. वीज नाही, मोटर नाही. तो माणूस खालची पेटी खांद्याने ढकलायचा, मग पुढची, मग तिच्या पुढची, आणि बघता बघता पाळणा घरघरायला लागायचा.

मी सासूबाईंच्या शेजारी बसले होते. समोर मुलं आणि हे. तिसऱ्या फेऱ्यात मुलगा ओरडायला लागला, "जोरात, अजून जोरात." यजमान हसत होते. सासूबाई "अगं बाई, अगं बाई" करत होत्या आणि त्यांना मजा येत होती हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. माझ्या पोटातून काहीतरी वर येत होतं आणि खाली जात नव्हतं. पण सासूबाई शेजारी मजेत बसलेल्या असताना सुनेने "मला उतरवा" म्हणायचं, असं त्या काळी आमच्यात होत नव्हतं. मी दांडी धरून गप्प बसले.

तेवढ्यात पाळण्याचा वेग कमी झाला. आमची पेटी खाली आली तशी त्या माणसाने ती छातीने अडवली आणि म्हणाला, "उतरा जी सगळे. खिट्टी ढिली झाली."

मुलगा रुसला. यजमान म्हणाले, "फेरे पूर्ण झाले नाहीत." तो माणूस म्हणाला, "मंग पुन्हा बसा साहेब, पैसे नाही घेत. पण बाईले राहू द्या, सामान पाहाले कोणी पाहिजे ना खाली."

आमच्याजवळ सामान म्हणजे एक पिशवी होती. ती मी धरून खाली उभी राहिले आणि बाकीचे पुन्हा बसले. त्याने हातोडीने खांबावर दोनदा ठोकलं. खिट्टी जागच्या जागी होती. तो ठोकत होता ते नुसतं लाकूड होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तिशी ओलांडलेला, काळासावळा, खांद्यावर जाड गोधडीची घडी बांधलेला माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेच्या मुलींना घेऊन गेले तेव्हा मीच बोलणं काढलं. त्यांचं नाव नत्थू, राहणार कामठी. आठ-दहा महिने हातमागावर बसायचे, थंडीत पाळणा. पाळणा त्यांच्या वडलांचा, म्हणजे दादाजींचा. दादाजींचे गुडघे गेले तशी ढकलायची पाळी यांच्यावर आली.

"तुम्हाला कसं कळलं त्या दिवशी?" मी विचारलं.

"काय कळलं जी?"

"खिट्टी ढिली झाल्याचं."

ते थोडं हसले. "ज्याचा आवाज येते तो मजेत असते, बाई. ज्याचा नाही येत त्याच्याकडं पाहा लागते. बाप म्हणते जोरात, पोट्टे म्हणतात जोरात, अन् माय गप. मंग म्या कोणाचं आयकाव?"

मी तेव्हा चौथीला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी पाढे म्हणताना वर्गात कोणाचा आवाज येत नाही ते मी पाहिलं. तीन मुली निघाल्या. जूनपासून त्या माझ्यासमोर बसत होत्या.

पुढे जवळजवळ दर हिवाळ्यात आमची गाठ पडत गेली. नत्थूजींचं काम मी नीट पाहिलं ते या वर्षांत. वजन ते डोळ्यांनीच तोलायचे. लठ्ठ सासूच्या समोरच्या पेटीत कोण बसेल, नवरा-बायको आणि कडेवरचं मूल कोणत्या पेटीत, हे लोक रांगेत असतानाच ठरवून टाकायचे. एका पेटीत उगाच गर्दी झाली तर एखाद्या मामाला सांगायचे, "तुमी थांबा गा, तुमच्यात दोघं बसतात." मामा रागवायचा आणि थांबायचाही. दिवसभर ढकलून संध्याकाळी त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला दिसायचा. गोधडीची घडी दरवर्षी जाड होत गेली.

१९७४ साली मैदानात नागीण आली.

इतवारीत मारोतराव नावाचे भांड्यांचे व्यापारी होते. त्यांनी ते यंत्र कुठल्या तरी बंद पडलेल्या बाजारातून उचलून आणलं होतं. लोखंडी रुळांचं मोठं गोल कडं, त्यात तीन चढ आणि तीन उतार, आणि त्यावर एकामागे एक जोडलेले बारा डबे. पुढच्या डब्याला नागिणीचं पत्र्याचं तोंड. जनरेटरवर चालायची. बाजूला लाकडी चौथऱ्यावर एक मूठ होती आणि मुठीला तीन खाचा. पहिल्या खाचेवर नागीण बैलगाडीसारखी जायची, दुसरीवर सायकलसारखी. तिसऱ्या खाचेवर उतारावर माणूस फळीवरून उचलला जायचा आणि वळणावर एकमेकांवर आदळायचा. नागपुरात तोवर असलं काही नव्हतं. लोक वर्ध्याहून, भंडाऱ्याहून यायला लागले.

लाकडी पाळण्याकडे कोणी फिरकेना. मारोतरावांनी नत्थूजींना मुठीवर ठेवलं. यंत्र कळतं म्हणून नव्हे, तर एवढ्या वर्षांत त्यांच्या पाळण्यावरून कोणी पडलं नव्हतं म्हणून. खांद्याची सुटका झाली. नत्थूजी मला म्हणाले, "बाई, आता नुसता हात हालवा लागते. पयल्या दिवशी तं मले वाटे, मी कामच नाही करून राहिलो."

मारोतराव वाईट माणूस नव्हते. जनरेटरचं डिझेल, मैदानाचा परवाना, रोज कुरकुरणारी बेअरिंग, यात ते पिचून गेलेले असायचे. त्यांचा एकच हट्ट होता: शेवटचे चार फेरे तिसऱ्या खाचेवर.

"लोकं ओरडाले येतात, नत्थूजी," मारोतरावांना असं म्हणताना मी ऐकलं आहे. "घरचे सगळे मिळून ओरडले की घरी जाऊन दहा लोकाले सांगतात. नाही ओरडले तं उद्या कोण येते गा?"

"बाया बसतात, शेठ. लेकरं मांडीवर घेऊन."

"मंग नको बसा म्हणा."

पण बाया बसणारच. नवरा म्हणायचा चल, दीर म्हणायचा वहिनी चला, मुलं पदर ओढायची. आणि एकदा दांडी अडकवली की खाली येण्याचा मार्ग नव्हता. भोंग्यावर मारोतरावांचा पुतण्या रविंद्र बसायचा. कॉलेजात होता, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्याला रुमाल. चार फेरे राहिले की तो विचारायचा, "कोणता नंबर?" आणि सगळं मैदान ओरडायचं, "तीन नंबर." त्या ओरडण्यात डब्यातल्या बायांचे नवरेच पुढे असायचे.

त्याच वर्षी मी माझ्या भाच्यांना घेऊन नागिणीत बसले. नत्थूजी दांड्या तपासत डब्याडब्यावरून येत होते. माझ्या डब्याशी वाकले, खिट्टी बसवली आणि मान वर न करता म्हणाले, "जास्त झालं तं डोक्यावर पदर घेजा, बाई."

"म्हणजे?"

"घेजा म्हणजे झालं. म्या पाह्यतो."

तिसऱ्या खाचेवर पहिलाच उतार आला आणि मी एका हाताने दांडी धरून दुसऱ्याने पदर डोक्यावर ओढला. अर्ध्या फेऱ्यात नागीण मंदावली. नत्थूजींनी मोटरीकडे बोट केलं आणि भोंग्यावर रविंद्र म्हणाला, "मोटर गरम झाली आहे, दोस्तहो." लोकांनी हुर्यो केली. भाचे नाराज. मी खाली उतरले ती आपल्या पायांवर चालत.

मग कळलं की ही खूण त्यांनी कित्येक बायांना सांगून ठेवली होती. मी विचारलं, पदरच का? ते म्हणाले, "हात वर केला तं नवरा पाह्यते, सासू पाह्यते, घरी गेल्यावर बोलतात. पदराले कोण पाह्यते? बाईनं पदर घेतला तं चांगलीच वाटते सगळ्याले." बाया एकमेकींना ते सांगत असत. माझ्या शाळेतल्या प्रेमिलाबाईंना ते त्यांच्या जावेकडून कळलं होतं. पुरुषांपैकी कोणालाही कळलं नव्हतं. तीन वर्षं कळलं नाही.

मोटर मात्र फार वेळा गरम होऊ लागली. मारोतरावांनी दोनदा मिस्त्री आणला. त्याने मोटरीवर हात ठेवून सांगितलं, थंडगार आहे. १९७७ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच मारोतरावांनी नत्थूजींना बजावलं. मी तिकिटाच्या खिडकीशी उभी होते, म्हणून ऐकलं.

"आता एकदा बी मोटर तापली, तं मूठ रविंद्रकडं. मी दुसऱ्यांदा नाही सांगणार."

"हो जी."

"काहून तापते ते तुमालेच माहीत. मले सांगून नका राहू, पण तापली नाही पाहिजे."

मला वाटतं मारोतरावांना अर्धं कळलेलं होतं. ते अर्ध्यावरच थांबले, हा त्यांचा मोठेपणा मी मान्य करते. पण नत्थूजींचं पोटपाणी त्या मुठीशी बांधलेलं होतं. लाकडी पाळण्याला गिऱ्हाईक नव्हतं आणि वयाने खांदाही उरला नव्हता. मूठ गेली की बायांचा पदर पाहणारं कोणी राहणार नव्हतं, हे ते मला म्हणाले नाहीत. ते मला दिसत होतं.

त्या वर्षी दत्तजयंतीला मैदान भरलं होतं. संध्याकाळची कुटुंबांची फेरी सुरू होती. मी आणि प्रेमिलाबाई चौथऱ्याला लागून कठड्याशी उभ्या होतो. आमचं तोंड रस्त्याकडे. नत्थूजींचं तोंड नागिणीकडे, म्हणजे रस्त्याकडे पाठ. त्यांच्या कानाशी जनरेटर धडधडत होता आणि डोक्यावर रविंद्रचा भोंगा.

चार फेरे राहिले. "कोणता नंबर?" "तीन नंबर." नत्थूजींनी मूठ तिसऱ्या खाचेत घातली.

त्याच वेळी कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून दत्ताची पालखी आली. दिवट्या, टाळ, पुढे अबदागिरी. नागीण चढावर होती. डब्यातल्या बायांना वरून पालखी दिसली आणि दिसली तशी त्यांनी डोक्यावर पदर घेतला. एकीने नव्हे. पुढच्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्याजणींनी. कोणी एका हाताने, कोणी दातात धरून. एका म्हातारीने तर हातही जोडले.

मीसुद्धा पदर घेतला. हात आपोआप वर गेला.

नत्थूजींनी ते बारा डबे पाहिले. मला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता. एवढ्या वर्षांत इतक्या बायांनी एकदम खूण केली नव्हती. त्यांना वाटलं असेल, रूळ सुटला, कोणी पडलं, काहीतरी त्यांना न दिसलेलं झालं. त्यांनी मूठ मंद केली नाही. एकदम मागे ओढली आणि दोन्ही पायांनी ब्रेकच्या फळीवर उभे राहिले.

नागीण किंचाळून थांबली. माणसं पुढे आपटली. सातव्या डब्यातल्या एका गृहस्थाची हनुवटी दांडीवर आदळून फुटली, सदऱ्यावर रक्त आलं. बाकी खरचटण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही. पण आरडाओरडा झाला, मुलं रडायला लागली, आणि ते गृहस्थ खाली उतरून थेट चौथऱ्याकडे आले. मागून मारोतराव.

"काहून थांबवली?"

नत्थूजी नागिणीकडे पाहत होते. बायांचे पदर अजून डोक्यावर होते. पालखी पुढे निघून गेली होती, टाळ लांबून ऐकू येत होते. मग त्यांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, दिवट्या पाहिल्या, आणि त्यांना कळलं.

"इचारून राहिलो ना, काहून थांबवली?"

"हात घसरला, शेठ."

"हात घसरून ब्रेक लागते?"

"चूक झाली."

मी एक पाऊल पुढे टाकलं. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं: त्यांची चूक नाही, त्यांनी का थांबवलं ते मला माहीत आहे. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. वर्गात उत्तर सांगायला उतावीळ झालेल्या मुलीला मी थांबवते तशी. प्रेमिलाबाईंनी माझा हात धरला. डब्यातल्या वीसेक बायांपैकी निदान दहाजणींना ते ठाऊक असणार. कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

मारोतराव दमलेल्या आवाजात म्हणाले, "रविंद्र, भोंगा ठेव. इकडं ये."

नंतर मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी नत्थूजींना गाठलं. "मला सांगू का दिलं नाही?"

"सांगून काय झालं असतं, बाई? मारोतरावनं मले माफ केलं असतं. अन् उद्यापासून हरेक नवऱ्याले मालूम. बाईनं पदर घेतला की हसले असते. मंग घेतला असता का कोणं?"

"पण आता पाहणारंच कोणी नाही."

त्यांनी चहा बशीत ओतला. "हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या घरी छप्पनच्या दीक्षेपासून पालखीले कोणी पदर घेत नाही. मायनं सोडलं, बायकोनं तं कधी घेतलाच नाही. बाकीच्या बाया घेतात हे मले माहीत होतं. ध्यानात नाही आलं."

मारोतरावांनी त्यांना काढलं नाही. फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. तिथून डबे दिसत, पण चेहरे दिसत नसत. एवढंच करायचे की एखादी बाई बिचकत आली तर तिकीट फाडताना सांगायचे, "मधल्या डब्यात बसा जी, सहाव्या नाही तं सातव्या. शेपटीले झटका जास्त असते." बाया मधल्या डब्यासाठी भांडू लागल्या तेव्हा रविंद्रला त्याचं कारण कळेना.

१९७९ ला आम्ही प्रताप नगरात घर बांधलं. मैदान लांब पडू लागलं, तरी त्या हिवाळ्यात मी एकदा धाकट्या बहिणीच्या मुलांबरोबर गेले आणि मुद्दाम नागिणीत बसले. सातवा डबा. तिसऱ्या खाचेवर दुसऱ्या उताराला मी पदर डोक्यावर घेतला. मुठीवरचा रविंद्र काळ्या चष्म्याआडून गर्दीतल्या कोणाकडे तरी पाहून हसत होता. नागीण चारही फेरे तशीच फिरली. माझ्या पुढच्या डब्यातल्या एका नव्या सुनेनेही पदर घेतलेला होता. तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

फाटकाशी नत्थूजींनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "पाह्यलं मी," ते म्हणाले. "दोघींचा पाह्यला. पण हात इथं आहे ना माझा."

त्यांच्या हातात तिकिटांच्या अर्धुकांची माळ होती. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, उजवा खांदा कायमचा खाली आलेला. मी फार थकले होते आणि तेही.

१९८२ नंतर त्या मैदानावर गोदामं उठली आणि बाजार बंद पडला. नागीण मारोतरावांनी छत्तीसगडकडच्या कोणाला तरी विकली. मी त्याच्या पुढच्याच वर्षी निवृत्त झाले.

गेल्या वर्षी कामठीला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले असता नत्थूजींचं घर शोधून काढलं. ते कामावर होते. त्यांची बायको रंभाबाई भेटल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. बुटक्या, मोकळ्या आवाजाच्या. चहा ठेवता ठेवता मी त्यांना नत्थूजींच्या त्या खुणेबद्दल सांगितलं, आणि किती बायांना त्यांनी सांभाळलं ते.

"हो, सगळ्या बायाले सांभाळलं," रंभाबाई म्हणाल्या. "मले बी सांभाळलं. दोनदा नेलं नागिणीत, अन् दोन्ही डाव पयल्या खाचेवर. बैलगाडीत बसल्यावानी."

"तुम्हाला भीती वाटत नव्हती?"

"कायची भीती जी? मले तं तीन नंबरच पाहिजे होता. मी अशी ओरडली असती, पार इतवारीपावतर आयकू गेलं असतं."

तेवढ्यात नत्थूजी आले. सायकल भिंतीला लावली, मला पाहून हात जोडले. रंभाबाई म्हणाल्या, "सांगून राहिली बाईले, तुमी मले कसं बैलगाडीत फिरवलं ते."

"तू गप बसली होती ना," नत्थूजी म्हणाले.

"मंग? ओरडाले काही होतं का त्यात?"

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून पायातल्या चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. "इचारलंच नाही इले," ते म्हणाले. रंभाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

नत्थूजी आता साठीला टेकले आहेत. कामठीतच एका यंत्रमागाच्या शेडमध्ये सकाळी आठ ते पाच सुताच्या कांड्या भरतात, आणि लाकडी पाळण्याच्या चार पेट्यांपैकी दोन पेट्यांत रंभाबाईंच्या कोंबड्या असतात.